मूळ खोक्यासह

वस्तू आज ना उद्या बिघडतेच. गॅरंटी मात्र कधी बिघडत नाही. म्हणून विचारी माणूस वस्तूपेक्षा गॅरंटीला अधिक जपतो. पूर्वी लोकांकडे नुसत्या वस्तू असत, आणि त्या बिघडल्या की कोणीही उठून त्या दुरुस्त करून टाकी. या मागासलेपणातून हिर्डोशी गाव कसे बाहेर पडले, त्याची ही हकीकत.

एकाहत्तर साली हिर्डोशीच्या कुंडलिकाने भोरच्या पेठेतून 'सुकंठ' कंपनीचा ट्रान्झिस्टर आणला तो आईसाठी. अक्काबाईचे डोळे गेले होते, आणि घरची माणसे खाचरात गेली की दिवस सरत नाही, असे ती एकदा बोलली होती. एकदाच. कुंडलिकाने ते ऐकून ठेवले होते.

रेडिओ आला आणि अक्काबाईचे दिवस भरभर सरू लागले. बातम्या सांगणाऱ्याला ती "जेवलास का रं बाबा?" असे विचारी. (उत्तर येत नसे. पण तो रोज ठरल्या वेळी येऊन बोलत असे, आणि एवढे पुष्कळांच्या पोटच्या मुलांनाही जमत नाही.)

रेडिओबरोबर गॅरंटीचे कार्ड होते. त्यात अकरा अटी होत्या, त्याही इंग्रजीत. दुकानदार आनंदरावांनी पहिल्या दोन अटींचे भाषांतर करून सांगितले, आणि उरलेल्या नऊंचे "बाकी असंच" असे केले. कुंडलिकाने कार्ड देवाच्या फोटोमागे ठेवले.

साडेअकरा महिने रेडिओ बोलला. मग एका दुपारी भाताच्या बियाण्यावर बोलता बोलता तो मध्येच थांबला तो थांबलाच. कुंडलिकाने नवे सेल घातले, रेडिओ उन्हात ठेवला, थोपटला. उपयोग झाला नाही. गॅरंटीचे चौदा दिवस शिल्लक होते.

हिर्डोशीहून भोरला दिवसाला दोन एस.टी. जातात, पैकी एक येते. तिने कुंडलिक दुकानी पोचला. शेजारच्या ओट्यावर गेनबा घड्याळवाला बसत असे. त्याने रेडिओ कानाशी हलवून पाहिला.

"तार सुटलीया. डाग दिला की बोलंल. पाच मिन्टांचं काम हाय."

"खबरदार!" आतून आनंदराव ओरडले. "मागे लाखेचं सील आहे. परक्या माणसानं ते फोडलं की गॅरंटी गेली! अट सातवी."

"मंग तुमी खोला की," कुंडलिक म्हणाला.

"मीसुद्धा परकाच. महिन्यातून एकदा कंपनीचे तपासनीस येतात, ते बघतील. कधी येतील ते सांगता येत नाही, पण याच महिन्यात. तोवर रेडिओ इथं ठेवायचा. मूळ खोक्यासह, आतल्या पेंढ्यासह. अट नववी."

कुंडलिकाचा चेहरा उतरला. खोके घरात होते, पेंढाही होता. पण त्यावर सात दिवसांपासून त्याच्या बायकोची, बनाबाईची, खुडूक कोंबडी अकरा अंड्यांवर बसली होती.

कोंबडीला एकवीस दिवस लागतात. तिच्याही मुदतीचे बरोबर चौदा दिवस शिल्लक होते.

घरी येऊन त्याने बायकोला हे सांगितले. बनाबाईने चूल फुंकायची थांबवली.

"कोंबडी उठायची न्हाई. एकदा उठली तर अंडी गार पडत्यात. कंपनीला कळत न्हाई व्हय एवढं?"

"अगं, अट हाय."

"कोंबडीचीबी अट हाय!"

अक्काबाई दाराशी बसली होती. ती म्हणाली, "तिला उठवू नका रं. माजं काय अडतंय रेडिओवाचून? लई ऐकलं." असे म्हणताना तिचा हात मांडीवरच्या मुक्या रेडिओवर फिरत होता. मग तिने आवाज देणारे बटण एकदा उजवीकडे फिरवले, थोडे थांबून परत डावीकडे फिरवले.

बनाबाईने ते पाहिले. ती उठली, खोक्यावर डालगे पालथे घातले, वरून लुगड्याचा तुकडा बांधला आणि नवऱ्याला म्हणाली, "हाय तसं न्या. खोकं, पेंढा, कोंबडी समदं. मातूर पिल्लं निघाल्याबिगर तिला कुणी हात लावायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी एस.टी.त कंडक्टरने विचारले, "खोक्यात काय?"

"रेडिओचा पेंढा."

पेंढा आतून ओरडला. कंडक्टरने थोडा विचार करून "कोणतं स्टेशन लागलंय?" असे विचारले आणि तो पुढे गेला. रस्ता होता तसाच होता. पण पेंढा धक्के सोसण्यासाठीच भरलेला असतो, हे कार्डात छापलेलेच होते. कंपनीच्या कार्डातले हे एक विधान पुढे खरे ठरले.

आनंदरावांनी चष्मा लावून अकरा अटी पुन्हा वाचल्या. खोके मूळ असावे, असे होते. रिकामे असावे, असे कुठेही नव्हते. तेव्हा त्यांनी नियमाप्रमाणे पावती केली: रेडिओ नग एक (मुका). खोके नग एक. पेंढा, अंदाजे. कोंबडी नग एक (चालू). अंडी नग अकरा, तपासणे बाकी.

कोंबडी दुकानात पंख्यांच्या आणि इस्त्र्यांच्या मधोमध राहिली. आनंदराव तिला सकाळी दाणे-पाणी देऊ लागले. दुकानात ठेवलेल्या सर्व मालांत ठरल्या मुदतीत काम करणारी ती एकटीच असल्याने गिऱ्हाइके तिला पाहायला येत. कुंडलिक दर दोन दिवसांनी येई, कोंबडी पाही, रेडिओ पाही, आणि तपासनीस आले का, असे विचारी. गेनबा ओट्यावरून दर वेळी हाताची पाच बोटे दाखवी.

तपासनीस आले ते चौदाव्या दिवशी, दुपारी. त्या वेळी नववे पिल्लू बाहेर पडत होते. त्यांनी टाय सैल केला, खोक्यात वाकून पाहिले, टोचून घेतले, आणि रुमालाने बोट बांधून शेरा लिहिला: 'पेंढ्याचे स्वरूप बदललेले आढळले. खोक्यात जादा माल आढळला. सबब वरिष्ठांचे मत मागवावे.'

"मत कवा यील?" कुंडलिकाने विचारले.

"तीन महिने लागतील."

"आन् गॅरंटी?"

"ती आज दिवसभर आहे."

कुंडलिक ओट्यावर बसून राहिला. पाच वाजले, सहा वाजले. आनंदरावांनी फळ्या लावायला घेतल्या.

"मालक, संपली का वो गॅरंटी?"

"संपली बाबा. फार वाईट वाटतं."

"पक्कं?"

"लिहून देतो."

कुंडलिक ताडकन उठला आणि त्याने रेडिओ गेनबाच्या हाती दिला. गेनबाने सील फोडले. पाच मिनिटे हा त्याचा अंदाज चुकला; तीनच लागली, आणि त्यांतले एक चष्मा शोधण्यात गेले. रेडिओ खरखरला आणि एकदम मोठ्याने गाऊ लागला. आनंदरावांनी हातातली फळी खाली ठेवली. तपासनीस तिथेच चहा पीत होते, त्यांनी कप बशीत ठेवून मान डोलावली आणि विचारले, "माझं घड्याळ बघता का? गॅरंटीत आहे, म्हणून बंदच ठेवलंय."

शेवटच्या गाडीने कुंडलिक रेडिओ आणि कोंबडीचे खोके घेऊन घरी पोचला. बनाबाईने आधी पिल्ले मोजली. अक्काबाईने बटण फिरवले, कान लावला, आणि बातम्यावाल्याला चांगलीच खडसावले, "कुठं गेला हुतास रं इतके दीस? सांगून जायाची रीत हाय का न्हाई?"

वाचकहो, हिर्डोशीच्या अडाणी माणसाची ही गोष्ट वाचून तुम्ही हसला असाल. आपण शिकलेली माणसे. आपली गोष्ट वेगळी. आपल्या माळ्यावर मिक्सरचे, पंख्याचे, इस्त्रीचे आणि भिंतीवरच्या घड्याळाचे अशी सगळी खोकी पेंढ्यासकट शाबूत आहेत. पाहुणे आले की त्यांना झोपायला जागा नसते, ही गोष्ट निराळी. एकदा वर चढून कार्डावरची तारीख तेवढी पाहून घ्या. आणि चढलाच आहात, तर कोणते खोके कशाचे, ती वस्तू सध्या घरात आहे का, तेही पाहा.