मारोतरावांचे दुखरे गुडघे

आमचे शेजारी मारोतराव सकाळी डाव्या पायाने लंगडतात आणि संध्याकाळी उजव्या. एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन गंगाखेडला आमच्या गल्लीत स्थिरावले आणि त्यांनी गुडघेदुखीला स्वतःला वाहूनच घेतलं. "क्लच मारू मारू डावा गेला बगा," असं सांगतात. मग उजवा का दुखतो, असं मी एकदा विचारलं. "मग ब्रेक काय कंडक्टर मारत होता?"

ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चाल बघायची आणि निदान ठोकायचं, हा त्यांचा दिवसभराचा उद्योग. "गुरुजी, वजन कमी करा. गाडी जुनी अन् माल डबल, टायर झिजणारच." किराणावाल्या शेटजींना, "अंगठा बी सुजायलाय का? मग ते युरिक ॲसिड. रक्त तपासा." मोटारसायकलवरून पडलेल्या वायरमनला, "आतला दोरा तुटला असंल, पळू नको." माझ्या गुडघ्याकडे नुसतं पाहून म्हणाले, "गादी झिजली. वय झालं." खरं तर मला सकाळीच टेबलाचा कोपरा लागला होता. तसं सांगितलं तर म्हणाले, "टेबलाचं निमित्त झालं हो."

या गुडघ्यांपायी त्यांच्या घरातली एकेक वस्तू उंचावर चालली होती. आधी स्वयंपाकाला उभा ओटा आला. "मला खाली बसून चहा करता येईना," अशी तक्रार. जन्मात त्यांनी चहा केलेला कुणी पाहिला नव्हता. मग देवघर भिंतीवर चढलं, मग संडासात कमोड आला. त्यांच्या सौभाग्यवती सत्यभामाकाकू आम्हाला ऐकवायच्या, "ह्यांच्या गुडघ्याचे लाड लय झाले. बाळंतिणीचे बी एवढे होत न्हाईत!"

मागच्या महिन्यात मी परभणीच्या गाडीत बसलो होतो. गाडी सुटली. मागून कुणीतरी हात करत पळत आलं, दार धरलं आणि उडी मारून आत. मारोतराव! मला पाहताच त्यांनी घाईघाईने लंगडायला सुरुवात केली, पण रिकामी जागा नेमकी माझ्याच शेजारी होती.

"राहू द्या आता," मी म्हणालो.

त्यांनी खिडकीबाहेरच्या उसाकडे तोंड फिरवलं. मग हळूच म्हणाले, "माझं काई दुखत न्हाई. हिचं दुखतंय. सारा जन्म उकिडवं बसून निंदण-खुरपण केलं, चुलीपुढं भाकरी थापल्या. आता भिंत धरून उठती. परवा न्हाणीत पडली, अन् मला म्हणती बादली पडली. दवाखान्याचं नाव काढलं की, मला काय धाड भरली म्हणती. तिच्यासाठी म्हणून कमोड आणला असता तर माघारी धाडला असता तिनं. माझ्यासाठी म्हणलं की काई बी करू देती."

हाडाच्या डॉक्टरकडे नंबर लावायला ते निघाले होते. नाव मात्र स्वतःचं देणार होते. एकट्याला जिना चढवत नाही, या सबबीवर काकूंना सोबत न्यायचं ठरलं. मलाही त्यात ओढलं.

नंबर आला त्या दिवशी डॉक्टरांनी मारोतरावांचे गुडघे वाकवून पाहिले. दोन्ही चांगले आहेत म्हणाले. "आता आलोच हाय तर हिचं बी बगा," म्हणत त्यांनी नको नको म्हणणाऱ्या काकूंना टेबलावर बसवलं. फोटो निघाला. दोन्ही गुडघ्यांत हाडाला हाड घासत होतं.

"एवढं झालंय, तुम्ही चालता तरी कशा?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला काय न्हाई हो, साहेब. चालतंय," काकू म्हणाल्या.

गल्लीभर निदानं वाटणाऱ्या माणसाने फोटो हातात घेऊन उजेडाकडे धरला. मग पायजमा गुडघ्यावर ओढून त्यांनी डॉक्टरांपुढे पाय धरला. "साहेब, माझे चांगले हायत म्हणलात ना? ह्यातला एक हिला बसवता येतो का?"

डॉक्टर हसले नाहीत. काकूंनी आधी नवऱ्याचा पायजमा खाली ओढला. मग पदर डोळ्यांना लावत डॉक्टरांना म्हणाल्या, "लय दुखतंय हो, साहेब. लय दिवसांपासून दुखायलंय."