उर्मिलाकाकींचा लाल परकर

अन्याय झाला तो उर्मिलाकाकींवर. गेल्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता, कोपरखैरण्यात, त्यांच्या राहत्या सोसायटीत. सेक्रेटरी पाटणकरांनी वॉचमनला शिडीवर चढवलं, काकींच्या पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीतला लाल परकर काढायला लावला आणि ऑफिसच्या कपाटात कुलपात घातला. कारण काय? 'दर्शनी भागावर राजकीय झेंडे लावण्यास सक्त मनाई आहे.'

आता खरं सांगायचं तर तो परकर मलाही पहिल्यांदा झेंडाच वाटला होता. पाणीकपातीविरुद्धची पत्रकं वाटत मी त्या गल्लीतून चालले होते. बाल्कनीत काठीला लाल कापड फडफडताना दिसलं. म्हटलं, चला, या अर्धमेल्या सोसायटीत एक तरी आपलं माणूस आहे! धावत वर गेले, बेल वाजवली आणि मूठ उंचावून "लाल सलाम!" ठोकला.

दारात साठी उलटलेल्या, गाऊनवर टॉवेल टाकलेल्या काकी. माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "सलाम मागनं कर. आधी आत ये आन् खिडक्या लाव. वादळ येतंय."

बाहेर ऊन रणरणत होतं.

"कुठे येतंय?"

"मॉरिशसला!"

काकी तिकडच्या. त्यांचे खापरपणजोबा रत्नागिरीकडून जहाजात बसून तिथे ऊस तोडायला गेले, ते तिथलेच झाले. पुढे तिथल्या एका साखर कारखान्यात साताऱ्याचा फिटर कामाला आला. त्याने मशीन दुरुस्त केली आणि काकींना इकडे घेऊन आला. तो आता हार घातलेल्या फोटोत आहे. काकींची क्रिओल, म्हणजे तिथली बोली, माहेरची आणि मराठी नवऱ्याची, त्यामुळे एकाच श्वासात "आयो! लई वंगाळ झालं!" असं ऐकू येतं. मुद्दा पटवायचा असला की "मो दीर त्वा!" म्हणजे, मी सांगते तुला.

त्यांच्या बेटावर वादळ जवळ आलं की लाल बावटे चढतात. जितका धोका जास्त, तितके बावटे जास्त. काकींकडे बावटे नाहीत, परकर आहेत. एक परकर म्हणजे सावध राहा, दोन म्हणजे बादल्या भरा, तीन म्हणजे घराबाहेर पडू नका. सोसायटीतली पोरं खालून ओरडतात, "काकी, आज कितवा परकर?" हसतात सगळे. पण एकदा पाइपलाइन फुटली तेव्हा आख्ख्या इमारतीत भरलेल्या बादल्या फक्त काकींकडे होत्या, आणि पाटणकरांची आंघोळ मॉरिशसच्या वादळाच्या पाण्यावर झाली. ते कुठल्याच इतिवृत्तात नाही.

त्यांच्याकडे चहा फुकट, पण साखरेआधी भाषण ऐकावं लागतं.

"ही बघ," चमचा हवेत धरून त्या म्हणतात, "आमी आमची साखर गोऱ्याला पाठवतो आन् घरात बाहेरनं आणलेली खातो. ह्याला काय म्हणायचं?"

"लूट," मी म्हणते.

"आधी युरोप बांधलेला भाव द्यायचा. आता म्हणतो, बाजारात उभे राहा. बाजारात कोण? तुमचा भारत, तो ब्राझील! हत्तींच्या जत्रेत आमची शेळी! जवळचा कारखाना बंद, लांबच्याला ऊस न्यायचा तर ट्रकवालाच निम्मं खातो. तोडायला माणूस नाही. पोरं हॉटेलात टाय बांधून उभी. पाऊस येतो तेव्हा वादळ होऊन येतो, नाही तर येतच नाही. आन् शेजारच्या उसात काय उगवलंय? बंगले! पोहायच्या टाकीसकट!"

मला राहवेना. मी पत्रक काढलं. मथळा जाड ठशात: 'मॉरिशसच्या छोट्या ऊसवाल्याला न्याय मिळालाच पाहिजे!' खाली माझा नंबर. वाशीच्या भाजी मार्केटच्या गेटवर वाटलं. संध्याकाळपर्यंत फोन थांबेनात. "मॅडम, मॉरिशसचं पॅकेज केवढ्याला? नाश्ता धरून?" एका नवविवाहिताने तर समुद्राकडची खोली मागितली.

आम्ही इथल्याच बोनकोडे गावचे, नवी मुंबई वसवताना जमिनी गेलेले. बाबांनी पत्रक उलटसुलट वाचलं. "आपली भातशेती गेली, खाडी गेली, तवा ही पाळन्यात होती. आता ही मॉरिशस सोरवाया निंगाली हाय!"

काकींचाही तिथे दोन एकरांचा तुकडा आहे, वडलांचा. भाऊ गजानन, सत्तरीचा, एकटा, तो कसतो. म्हणजे स्वतःच कोयता चालवतो. बंगलेवाले मागे लागलेत. विकायला काकींची सही हवी. दर शनिवारी व्हिडिओ कॉल येतो, समोर ऊस हलत असतो आणि भाऊ क्रिओलमध्ये ओरडत असतो, मराठी मला काकी करून सांगतात, "उर्मिला, सही कर! पाठ मोडली माझी!"

"नाही करनार जा!" काकी ओरडतात.

मला केवढा अभिमान! "काकी, जमीन सोडायची नाही. आम्ही सोडली, बघा काय झालं." मी दुसरं पत्रक लिहायला घेतलं: 'एका बहिणीचा बिल्डरांविरुद्ध लढा.'

काकींनी कागद बाजूला सारला. "लढाबिढा काही नाही गं पोरी. गजाला मायेचं बोलता येत नाही. लहानपनापासनं तेवढ्यापुरता मुका. बरी आहेस का, जेवलीस का, कधी विचारलं नाही त्यानं. ह्यांच्या मयतीलासुद्धा फोन करून नुसता श्वास घेत बसला. आता सहीपायी दर शनिवारी भांडतो. सही दिली तर फोन कशाला करंल?"

मी पेन खाली ठेवलं.

तर, गेल्या बुधवारी तिकडे वादळ धडकून पुढे गेलं. काकींनी तीनपैकी दोन परकर उतरवून एकच ठेवला. तो त्यांच्या नियमाने भावाचा फोन आल्यावरच उतरायचा. तिकडची लाइट गेलेली, भावाचा फोन लागत नव्हता. आणि गुरुवारी अकराला पाटणकर शिडी घेऊन आले. काकी भांडल्या नाहीत, हे मला सगळ्यात भयंकर वाटलं. नुसत्या रिकाम्या काठीकडे बघत बसल्या.

शनिवारी फोन वाजला. पडद्यावर आडवा झालेला ऊस, चिखल, आणि गजानन.

"सगळा झोपला," तो म्हणाला. "आता तरी सही कर."

"नाही!" काकी इतक्या जोरात ओरडल्या की खाली वॉचमन उठून उभा राहिला.

पलीकडे बराच वेळ नुसता श्वास. मग तो म्हणाला, "बरं. पुढच्या शनिवारी परत विचारतो." आणि फोन ठेवता ठेवता, "जेवलीस?"

काकींनी माझ्या चहात साखर टाकली. भाषण न करता. चार चमचे.

पाटणकरसाहेब, परकर परत करा. धुऊन, इस्त्री करून, स्वतः वर नेऊन द्या. आणि वाचक, तुम्ही नुसते हसून पान उलटू नका. कोपरखैरण्यात पहिल्या मजल्यावर लाल परकर फडकताना दिसला तर जिना चढा, बेल वाजवा, आणि पहिला प्रश्न हा विचारा: "काकी, गजाननमामांचा फोन आला?"

नसेल आला, तर येईपर्यंत बसा.