घंटागाडीविषयी तीन इंग्रजी पत्रे

"पत्र? पत्राचं काम माझ्यावर सोड, माय! चाळीस वर्षं पत्रांवरच जेवलो मी!"

हे वाक्य मडिवाळप्पांच्या तोंडून निघालं आणि सगळ्यात जास्त दचकले ते स्वतः मडिवाळप्पाच! आप्पा बढाई मारणाऱ्यांतले नव्हतेच. तहसील कचेरीसमोर चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे अर्ज लिहिले, मराठीत आणि गरज पडली तर इंग्रजीतही. पण साहेबासमोर एकदाही तोंड उघडलं नाही. घरी पुस्तकांत डोकं, बाहेर छत्रीत.

समोर बसली होती शेजारच्या फारूकभाईंची सुमय्या. गावातल्या दवाखान्यात नर्स. आयर्लंडच्या एका इस्पितळानं तिला नोकरी देऊ केली होती. अट एकच: महिनाअखेरपर्यंत इंग्रजीच्या परीक्षेत चारही पेपरांत नऊपैकी किमान सात. ऐकणं, वाचणं, बोलणं यांत पोरीला आठ-आठ मिळत. लेखन आलं की सहा! दोनदा बसली, दोनदा सहा! तिसरी परीक्षा तीन आठवड्यांवर, नांदेडला.

"आप्पा, पुस्तकात सवाल हाय. तुमच्या भागातल्या एखाद्या सेवेचा त्रास होतो, तर अधिकाऱ्याला पत्र लिहा. दीडशे शब्द. मला काही सुचूनच नाही राहिलं."

"तुला खरोखर कशाचा त्रास होतो?"

"घंटागाडीचा! रातभर ड्युटी करून आडवी झाले की उशाशीच तो भोंगा! 'ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा!'"

"मग तेच लिही."

सुमय्यानं लिहिलं. आप्पांनी लाल शाईनं दुरुस्त केलं, तिनं सुवाच्य अक्षरात उतरवून सही केली. ती गेली आणि आप्पांना शंकांनी घेरलं. हे पत्र सहाचं की सातचं? आपल्याला कसं कळणार? आपण कोण? त्यांच्या धंद्यात याला एकच कसोटी होती. काम झालं तर अर्ज चांगला, नाही झालं तर वाईट. तेव्हा त्यांनी ते पत्र दुसऱ्या दिवशी गुपचूप नगरपालिकेत नेऊन दिलं आणि शिक्का मारलेली पोच घेतली! (गावाचं नाव सांगत नाही. नगरपालिका अजून तिथंच आहे.)

टपाल घेणारा कारकून राजशेखर पत्र पाहून उभाच राहिला.

"इंग्रजीत? आप्पा, कुणाचं हाय हे?"

आप्पांनी सवयीप्रमाणे मान खाली घातली.

"सांगायची परवानगी न्हाई वाटतं!" राजशेखर कुजबुजला आणि पत्र घेऊन मुख्याधिकारी अमृतरावांकडे पळाला.

पत्राची पहिली ओळ 'तीव्र असमाधान' व्यक्त करत होती, शेवटची 'लवकरात लवकर उत्तराच्या प्रतीक्षेत' होती. मधलं वाचायची कुणाची हिंमत झाली नाही. खाली गल्लीचा पत्ता आणि सही: मिस एस. एफ. इनामदार.

"कोण ह्या इनामदार?" अमृतरावांनी घाम पुसला.

"साहेब, मोठ्या अधिकारी असतील. गल्लीत राहून गुपचूप तपासणी करून राहिल्या!"

"विषय काय हाय?"

"घंटागाडी."

"मंग येत नसेल! दिवसातून तीनदा पाठवा!"

साहेबांचंही चुकलं नाही. घंटागाडी येते, अशी तक्रार त्या नगरपालिकेच्या जन्मात कुणी केली नव्हती!

सुमय्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिला फक्त एवढं कळलं की गाडी आता सकाळ, दुपार, संध्याकाळ येते. तिनं रागारागानं दुसरं पत्र लिहिलं. राग आल्यावर इंग्रजी असं काही धावलं की आप्पांची लाल शाई सुकून गेली! काम झालं नव्हतं, तेव्हा आप्पांनी तेही नेऊन दिलं. पालिकेनं आणखी दोन गाड्या दिल्या. तिसरं पत्र म्हणजे तर निखारा होता! ते मिळताच अमृतरावांनी गाड्यांचे भोंगे थेट बॅटरीला जोडायला लावले आणि बटणं काढून टाकली. मध्येच बंद पडायला नकोत!

आप्पांनी हे सगळं सांगून टाकायचं चारदा ठरवलं. चारही वेळा तिच्या दारापर्यंत गेले आणि कडी न वाजवता परत आले.

परीक्षेच्या दिवशी सकाळी साडेसहाला सुमय्या पासपोर्ट घेऊन बाहेर पडली, तर दारात अमृतराव हार घेऊन उभे! मागे तीन गाड्या, तिन्ही भोंगे चालू. गल्ली गच्च. फारूकभाईंची रिक्षा आत अडकलेली.

"इनामदार मॅडम, आता तरी समाधान हाय ना?" अमृतराव ओरडले. भोंग्यापुढं हळू बोलून चालणार नव्हतं. त्यांच्या हातात तिची तिन्ही पत्रं होती.

सुमय्यानं पत्रांकडे पाहिलं. मग शेजारच्या दारात उभ्या असलेल्या आप्पांकडे. आप्पा स्वतःच्या चपलांकडे पाहत होते.

"आप्पा! हे खरंच नेऊन दिलं तुम्ही?"

आप्पांची मान आणखी दोन इंच खाली गेली.

"मला आठला नांदेडात पोचायचंय! ह्यातून निघू कशी?"

"मॅडम, गाडी हजर हाय!" अमृतरावांनी सगळ्यात पुढच्या घंटागाडीचं दार उघडलं.

ड्रायव्हर अकरमनं गाडी पिटाळली. नांदेडपर्यंत पस्तीस किलोमीटर, डोक्यावर भोंगा! वाटेतल्या गावांत बाया बादल्या घेऊन रस्त्यावर धावल्या. "थांब की रे भाड्या!" म्हणून एकीनं केळीच्या साली फेकूनही मारल्या. पण सुमय्या वेळेत पोचली! धापा टाकत बसली, कानाला हेडफोन लावला. पहिलाच पेपर ऐकण्याचा.

हेडफोनमधली बाई हॉटेलच्या खोल्यांबद्दल काहीतरी सांगत होती. सुमय्याला ऐकू येत होतं, 'ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा!'

निकाल आला. लेखनात साडेसात! वाचणं आठ, बोलणं आठ. ऐकण्यात पाच.

सुमय्या रडली नाही. तिनं आयर्लंडला दीडशे शब्दांचं पत्र लिहिलं, या वेळी कुणालाही न दाखवता. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं: दोन महिन्यांची मुदत वाढवून दिली आहे.

हे कळल्यावर आप्पांनी पाचव्यांदा धीर केला आणि कडी वाजवली. सुमय्या दारात आली.

"चूक माझी हाय, माय," ते कसंबसं म्हणाले. "माफ कर मला."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एवढी मोठी गोष्ट तोंडानं सांगितली होती.

सुमय्यानं कानामागे हाताचा पंजा धरला.

"आँ?"