विठाबाईंची नीज आणि जीन्सचा ढीग

शके एकोणीसशे पंधरा, मार्गशीर्ष मास, उल्हासनगर कॅम्प नंबर तीन, मागली गल्ली, येथे जो रणसंग्राम जाहला आणि ज्यात एक राजमाता पाडाव होऊन एक खाट हस्तगत जाहली, त्याचा करीना पुढील पिढ्यांस ठाऊक असावा म्हणोन जैसे घडले तैसे मांडिले आहे. पदरचे फारसे घातले नाही. जे घातले ते मायेपोटी, आणि माया माफ असावी.

राज्य एका खोलीचे. धनी हिरामणराव अंबरनाथेस कारखान्यात चाकरीस. त्यांच्या मातोश्री गयाबाईसाहेब, राज्यातील एकमेव खाटेच्या मालकीण. सूनबाई वेणूबाई, मुलकी आणि लष्करी दोन्ही कारभार वाहणार. आणि तिसरीच्या वर्गातील युवराज्ञी विठाबाई, नाव पणजीचे आणि हट्टही पणजीचाच.

रोज दिवेलागणीस सिंधी शेटच्या वर्कशॉपातून जीन्सच्या पँटींचे गाठोडे रिक्षाने दाखल होई, आणि शिवणीतून लोंबते धागे कापून माल सकाळी परत रवाना करावा, ही दौलतीची वहिवाट. गल्लीत रंगीत टीव्ही याच घरी, म्हणोन समोरच्या कौसाबाई आणि समस्त बायका कात्र्या परजून येथेच मुक्काम करीत, आणि एक डोळा धाग्यावर, दुसरा टीव्हीवर, ऐसा दरबार भरे. जमीन बायकांनी व्यापिली, खाट राजमातेने. मग विठाबाई जीन्सच्या ढिगावर निजत. ढीग मऊ, उबदार. परंतु घात ऐसा की, डोळा लागला न लागला तोच कोणा एकीचा हात येई आणि बाईसाहेबांच्या खालून एक पँट ओढून नेई. बाईसाहेब दचकत, कूस बदलीत, आणि पुन्हा पँट जाई. ऐसे होता होता ढीग सरे आणि युवराज्ञी फरशीवर येत.

याचे पडसाद शाळेत उमटत. विठाबाई प्रार्थनेत उभ्याने निजत. साताचा पाढा चढता चढता मध्येच घसरून पाचात उतरत. आणि एके दिवशी शेजारणीने खोडरबर मागितले, तो तिच्या दंडास कडकडून चावल्या. मग शाळेच्या बाईंनी वेणूबाईंस फाटकाशी तलब करून फर्माविले, "पोरगी मंद आहे हो तुमची. महिनाअखेरीस पाढे घेते. नाही आले, तर परत दुसरीत बसवीन." ते शब्द वेणूबाईंनी पदराखाली झाकून घरी आणिले; कोणास दाखविले नाहीत, परंतु त्या रात्री चार पँटींचे धागे सोडून शिवणच कापिली.

मसलत बसली. राजमातेने दृष्ट काढिली, बदाम भिजविले. हिरामणरावांचे मत कान पिळावा ऐसे पडले. वेणूबाईंनी मात्र रविवार धरून लेकीसह बदलापुरास माहेरी कूच केले. तेथे टीव्ही नाही, गाठोडे नाही. विठाबाई जेवल्या हाताने वाकळेत शिरल्या, त्या उन्हे अंगणात येईतो हलल्या नाहीत. मग उठल्या, आपण होऊन दात घासले, आणि साताचा पाढा गोठ्यातील म्हशीस अथपासून इतिपर्यंत ऐकविला. वर म्हणाल्या, "आई, मी चांगली आहे ना गं?" वेणूबाईंनी पोर पोटाशी धरिली. भेद उमगला: लेक मंद नव्हे, निजेची उपाशी.

परत येताच वेणूबाईंचा राजमातेस अर्ज गुजरला, "आई, विठीला लवकर खाट द्या. दरबार कौसाताईंच्या ओट्यावर नेऊ."

राजमाता भडकल्या. "अगं, आमी दगडावर निजून पोरं वाढवली! आन माझी शिरियल काय ओट्यावरनं दिसणार?"

कौसाबाईंनीही तोफ डागिली, "वेणे, पोरीला डायरेक्ट कलेक्टर करतीस काय गं?"

मग वेणूबाईंनी गनिमी कावा केला आणि गोड बोलून म्हणाल्या, "बरं, आजची रात तुम्ही ढिगावर निजा, आई. दगडाची सवय तुम्हाला. ढीग म्हणजे गादीच."

राजमाता इरेस पडल्या आणि ढिगावर आरूढ जाहल्या. बायकांनी काही काळ अदब राखिली. परंतु माल सकाळी जाणे, मग कौसाबाईंचा हात शिरला. "कोण गं ती मेली?" ऐसी गर्जना उठली. क्षमा मागितली आणि पँट नेली. मग दुसरी नेली, तिसरी नेली, आणि ढीग संपोन राजमाता फरशीवर आल्या.

प्रातःकाळी राजमातेने चहात मीठ घातले, दूधवाल्याशी कारणावाचून भांडण उकरिले, आणि बायका माल बांधीत असता चुलीवरचे दूध उतू जाऊ लागले तो लेकाकडे पाहोन ओरडल्या, "अहो शिवराम, दूध बघा की!"

कात्र्या थिजल्या. शिवराम हे राजमातेच्या कैलासवासी यजमानांचे नाव. लग्नात उखाण्यातूनही जे ओढून काढावे लागले, रेशनच्या दुकानीही जे दुसऱ्याने सांगावे, ते नाव भर दरबारी, आणि तेही पोटच्या लेकास लाविले! हिरामणरावांनी मुकाट दूध उतरविले. प्रथम कौसाबाई हसल्या, मग गल्ली हसली.

राजमाता तोंडास पदर लावून बसल्या. समोर विठाबाई, रात्रभर खाट भोगून, वेणी घालीत पाढा गुणगुणत होत्या. मग राजमाता वदल्या, "पोरीनं चावलं ते थोडंच केलं. मी तर आत्ता कौसीला चावले असते."

लगोलग हुकूम सुटला की, गाठोडे समोरच्या ओट्यावर जावे. टीव्हीचे तोंड दाराकडे करून आवाज बंद ठेवावा, आणि संवाद कौसाबाईंनी ओट्यावरून मनचे रचून म्हणावे. ते कौसाबाईंनी ऐसे म्हटले की, बायका मूळ शिरियल विसरल्या.

महिनाअखेरीस विठाबाईंनी साताचा पाढा सत्तरापर्यंत अडखळल्यावाचून सर केला. बाईंनी विचारिले, "बदाम सुरू केलेत काय हो?" वेणूबाई म्हणाल्या, "बदाम तर आधीच सुरू होते, बाई. आता निजू देतो."

येणेप्रमाणे खाट फत्ते जाहली, तिसरीचा वर्ग राखिला, आणि राजमाता व युवराज्ञी एका गोधडीत घोरत्या जाहल्या. समोरच्या ओट्यावर वेणूबाई धागा कापीत, पेंग आवरीत, दाराकडे पाहोन बायकांस "हळू गं" म्हणत बैसल्या. त्यांच्या निजेची मोहीम अद्याप कोणी काढिली नाही, हेही येथे नमूद असावे.