वांग्याची वंशावळ

जळगावचे अभिमन सर शाळेत इंग्रजी शिकवतात आणि घरी ऐकून घेतात. त्या रविवारी धुळ्याच्या देवपुरातून सुकलाल आप्पा आणि शेवंताबाई त्यांच्या मुलासाठी सरांची मुलगी दिपमाला बघायला येणार होते. प्रमिलाबाईंनी खास असोद्याची भरिताची वांगी आणवली, मागच्या अंगणात कपाशीच्या काड्यांचा जाळ केला आणि नवऱ्याला तिथं बसवून बजावलं, की फक्त वांगी फिरवत राहा.

सर बसले. सोमवारच्या धड्यात 'ऑबर्जिन' असा शब्द होता. इंग्लंडात वांग्याला तसं म्हणतात. (सर वर्गात ब्रिंजल म्हणून मोकळे व्हायचे.) हा शब्द आला कुठून, तेवढंच बघू म्हणून त्यांनी मोबाइल काढला.

शब्द निघाला फ्रेंच. सरांनी एक वांगं फिरवलं. फ्रेंचांनी तो कॅटलान भाषेतून उचललेला, तिथं तो अरबीतून आलेला: 'अल-बादिंजान'. आता वांगी फिरवायला सवड कुणाला? सरांच्या कपाळावर घाम आला. तो त्यांना अभ्यासाचा वाटला, होता जाळाचा. अरबांनी शब्द फारसीतून घेतला होता आणि फारसीत तो गेला होता आपल्या संस्कृतातून, 'वातिंगण' या शब्दावरून.

सर धावत स्वयंपाकघरात गेले.

"अगं, ऑबर्जिन म्हणजे मुळात आपलं वांगंच!"

"बरं. आणि ते कुठंय?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

अंगणात वांग्यांच्या जागी सहा कोळसे होते, देठासकट. तेवढ्यात दारात पाहुण्यांची गाडी थांबली.

पानात घाईघाईनं केलेली शेवभाजी आली. भरीत का नाही, याचा खुलासा करताना सरांनी पॅरिसपासून इराणपर्यंतचा सगळा प्रवास सांगितला. दिपमाला मान खाली घालून वाढत होती. सुकलाल आप्पांनी शांतपणे घास संपवला.

"इतला मुलुख फिरीसनी वांगं घर उनं," ते म्हणाले, "आनि तुम्ही तेना कोयसा करी टाका."

सगळे हसले, पण होकार काही येईना. हात धुताना शेवंताबाईंनी प्रमिलाबाईंना बाजूला घेतलं.

"पोर कोनवर गयी शे? तुमनावर का बापवर?"

"माझ्यावर," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"मंग बठ्ठं जमनं."

लग्न ठरलं म्हणून पेढे वाटत सर गल्लीभर फिरले. कशावरून ठरलं, हे मात्र त्यांना घरात कुणी सांगितलेलं नाही.