फाटकावरचा सत्कारमूर्ती

ज्या दिवशी चांगो ठोंबरे हवालदारांचा सत्कार होता, त्याच दिवशी त्यांची ड्यूटी त्याच सत्काराच्या फाटकावर लागली.

यात कुणाचा डाव नव्हता. सन्मान जिल्ह्याच्या मुख्यालयातल्या एका शाखेनं ठरवला आणि बंदोबस्त ठाण्यातल्या मागच्या खोलीनं. एका खोलीतली गोष्ट शेजारच्या खोलीत जायची तर ती आधी वर साहेबांकडे चढते आणि मग पलीकडून खाली उतरते. त्या आठवड्यात सगळे साहेब मंडपाची झालर आणि जेवणातली बासुंदी यांत अडकले होते, त्यामुळे चांगो हवालदारांची गोष्ट वर चढली ती उतरलीच नाही.

सन्मान मात्र खरा होता. मागच्या उन्हाळ्यात कुंभिवलीजवळ गॅसचा टँकर उलटला, तेव्हा बाजूचा अख्खा ढाबा त्यांनी एकट्यानं रिकामा केला होता. एक गिऱ्हाईक मिसळ संपल्याशिवाय उठायला तयार नव्हतं. त्याला त्यांनी प्लेटीसकट उचलून पार रस्त्यापलीकडे नेऊन ठेवलं होतं. उभी नोकरी झाली, पण गळ्यात हार पडायची ही पहिलीच वेळ. बायको माधवीनं त्यासाठी नवी साडी घेतली होती आणि माहेरी सगळ्यांना आवतण धाडलं होतं.

सत्कार होता ते चौक गावाजवळचं मंगल कार्यालय खाली खळग्यात आहे आणि फाटक वर, हायवेच्या कडेला. फाटकाचे प्रमुख होते सहायक फौजदार गायकर. सकाळीच चांगो हवालदार त्यांच्यापुढे उभे राहिले.

"गायकरसाहेब, माझं नाव पुकारतील तेवढ्यापुरतं मला सोडा."

"मी आता सोडला असता रं तुला," गायकर कळवळून म्हणाले, "पण पॉइंटवरनं माणूस सोडायचा अधिकार माझा नाय. फौजदारांना इचार."

फौजदार म्हणाले, एपीआयसाहेबांना विचारा. एपीआयसाहेब म्हणाले, हा पीआयसाहेबांचा विषय. शेवटी वॉकीटॉकीवर पीआय देशमाने सापडले.

"ठोंबरे, एसपी साहेब वाटेत आहेत. मी आता बदली माणूस कुठून आणू? तुमचं नाव आलं की बघू."

"बघू" म्हणजे काय, हे पोलिसाला समजावून सांगावं लागत नाही. तो शब्द त्यांनी स्वतः किती तक्रारदारांना ऐकवला होता! आज तो परत आपल्याच कानात आल्यावर त्यांना अंगातली हवा निघून गेल्यासारखं वाटलं. वर्दीवर चकाकणारं पिवळं जॅकेट चढवून ते रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

पहिलीच गाडी आली ती सासरची. मेहुणा कमलेश टेंपो घेऊन आला होता, मागे माणसं दाटीवाटीनं बसलेली. पुढे माधवी.

"भावोजी, उघडा फाटक!"

"कमलेश, ह्या फाटकातून फक्त साहेब लोकांच्या गाड्या. टेंपो तिकडं, शेताच्या पलीकडं लावायचा."

"आमाला पन? आवो, तुमचाच सत्कार हाय ना?"

"सत्कार आत हाय. हितं मी ड्यूटीवर हाय."

टेंपोतल्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. मागून कुणीतरी "लय शिष्ट हाय हो जावई" असं म्हणालेलं त्यांना स्पष्ट ऐकू आलं. एकटी माधवी उतरली.

"म्हंजे तुमी आत येनारच नाय?"

"बघू म्हनलेत साहेब."

माधवीलाही "बघू" कळत होतं. पोलिसाची बायको ती. तिचा चेहरा साडीच्या काठासारखा लाल झाला.

"हे बघ," ते हळूच म्हणाले, "नाव पुकारलं आन मी नाय दिसलो, तर तू जा वर. सन्मानचिन्ह घे, नमस्कार कर, खाली ये. इचारलं तर सांग, ते ड्यूटीवर हायेत."

"स्टेजवर? मी?"

"मग काय तुझा भाऊ जानार? तो टेंपो लावतोय."

ती पायऱ्या उतरून खाली गेली. चांगो हवालदार वर उरले. थोड्याच वेळात एसपी साहेबांची गाडी आली, हवालदारांनी कडक सॅल्यूट ठोकला आणि ज्यांच्या हातून हार घालून घ्यायचा, त्यांची गाडी हात करून आत सोडली.

कर्णा नेमका फाटकाच्याच खांबावर होता, त्यामुळे कार्यक्रमाचं अक्षर न् अक्षर वर ऐकू येत होतं. निवेदक होता हर्षद. कर्जत-खालापूर भागात हळद असो, भूमिपूजन असो की शोकसभा, माईक त्याच्याच हातात असतो. त्यानं टँकरची हकिगत अशी काही रंगवली की चांगो हवालदारांनाच काळजी वाटायला लागली, आता यात आपण वाचतो की नाही.

"...जिवाची पर्वा न करता आगीच्या दारात उभे राहिलेले, हवालदार चांगो ठोंबरे!"

त्यांनी गायकरांकडे पाहिलं. गायकरांनी वॉकीटॉकी कानाला लावला. वॉकीटॉकी खरखरला, बोलला काहीच नाही. नाव पुन्हा पुकारलं गेलं. मग कर्ण्यातून टाळ्या आल्या, आणि टाळ्या मध्येच विरल्या.

खाली काय झालं ते त्यांना नंतर समजलं. माधवी स्टेजवर चढली खरी, पण तोवर तिचा राग डोळ्यांतून वाहायला लागला होता. आयुष्यातला एक दिवस, आणि तोही नवऱ्याला मिळू नये! हर्षदनं पाहिलं की सत्कारमूर्तीऐवजी त्याची बायको आलीय आणि रडतेय. त्याचा आवाज सवयीनं खाली उतरला.

"वहिनी... साहेब कुठं?"

तिनं नुसता हात केला, वर फाटकाकडे. आणि हुंदका आवरत म्हणाली, "ते नाय येऊ शकत आता."

फाटक वर आहे हे हर्षदच्या लक्षात आलं नाही. त्याला नुसतंच वर दिसलं.

कर्णा गंभीर झाला. "मंडळी, जे आज आपल्यात नाहीत, त्यांच्यासाठी आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या."

सगळ्यांत आधी एसपी साहेब उभे राहिले. त्यांनी मान खाली घातली, म्हणून डीवायएसपी साहेबांनी घातली, म्हणून देशमानेंनी घातली, आणि तिथून खाली शेवटच्या शिपायापर्यंत माना खाली गेल्या. ठोंबरे फाटकावर धडधाकट आहे हे देशमानेंना ठाऊक होतं, पण एसपी साहेब श्रद्धांजली वाहत असताना तोंड उघडायचं कुणी?

वर गायकरांनी टोपी काढली. मग त्यांचं लक्ष चांगो हवालदारांकडे गेलं आणि ती परत घालावी की नाही, हे त्यांना सुचेना.

"चांगो, हे तुझंच चाललंय ना?"

"तसंच दिसतंय."

"मग तू काय करनार?"

चांगो हवालदारांनी विचार केला. साहेब उभे असताना आपण सैल उभं राहणं बरं दिसत नाही. ते सावधानमध्ये उभे राहिले. तेवढ्यात एका ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला.

"ए, हॉर्न नको! श्रद्धांजली चालू हाय."

"कुनाची ओ?"

"माझी."

ट्रकवाल्यानं इंजिनच बंद केलं.

शेतापलीकडून कमलेश धावत आला तो छाती बडवत. फाटकातल्या पिवळ्या जॅकेटवाल्या पोलिसाला बाजूला सारत तो ओरडला, "सोडा मला! आमचे भावोजी गेले!"

"अरे कमलेश, मी हाय."

कमलेशनं वळून पाहिलं. मग त्यांना कडकडून मिठी मारली, आणि मिठीतच त्याचा चेहरा पडला.

"भावोजी, मी सगल्यांना फोन केले. कुंभिवलीला, कर्जतला. लोक निघाली पन."

"मग आता परत कर."

तो रस्त्याकडेच्या दगडावर बसून एकेकाला सांगायला लागला, "नाय गं मामी, हायेत... व्हय, उभेच हायेत... नको, हार आनू नको."

चांगो हवालदारांना आता ना राग येत होता, ना हसू. सत्कार झाला, श्रद्धांजली झाली, आणि दोन्ही वेळा आपण फाटकावरच. उद्या आपण खरंच गेलो, तरी तिरडीसाठी रस्ता मोकळा करायला आपल्यालाच उभं करतील, याविषयी त्यांच्या मनात शंका उरली नाही.

कार्यक्रम आटोपून एसपी साहेबांची गाडी वर आली आणि नेमकी त्यांच्यापुढे थांबली. काच खाली गेली. मागच्या जीपमधून देशमाने उडी मारून उतरले आणि एसपी साहेबांच्या नजरेआड उभे राहून त्यांनी चांगो हवालदारांना चक्क हात जोडले. नोकरीत कुठल्याही पीआयनं त्यांना हात जोडले नव्हते.

"ठोंबरे तुमच्याच ठाण्याचे ना?" एसपी साहेबांनी विचारलं. जॅकेटखाली छातीवरची नावाची पट्टी झाकली गेली होती.

"होय सर."

"ओळख होती?"

"लय जवळची, सर."

"कसा माणूस होता?"

हा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारला नव्हता.

"चांगला होता, सर. कुठल्याबी ड्यूटीला नाय म्हनला नाय."

"त्यांच्या मिसेसना भेटलात?"

"नाय सर. पॉइंट सोडता येत नाय."

"देशमाने!" एसपी साहेब कडाडले. "हा काय प्रकार आहे? सहकाऱ्याच्या घरच्यांचं सांत्वन करायलाही माणसाला सोडत नाही तुम्ही? याला आत्ताच्या आत्ता मोकळं करा. आज दिवसभर हा त्या कुटुंबाबरोबर राहील."

"येस सर! बदली माणूस बघतो, सर."

"बघतो नाही. तुम्ही उभे राहा."

गाडी गेली. देशमानेंनी शिट्टीसाठी हात पुढे केला. चांगो हवालदारांनी ती खिशातून काढली, पँटीला पुसली आणि दिली. मग जॅकेट उतरवून पायऱ्या उतरायला लागले.

मांडवात खुर्च्या उचलायला सुरुवात झाली होती. माधवी पहिल्या रांगेत एकटीच बसली होती, सन्मानचिन्हाची डबी मांडीवर घट्ट धरून. त्यांना पाहताच ती उठली. डोळे अजून सुजलेले होते, पण तोंड उजळलं होतं.

"आवो, तुमी बघायला पायजे होतं! तुमचं नाव घेतलं आन सगले उभे राहिले. मोठे साहेबसुदीक. कुनी हललं नाय, कुनी खोकलं नाय. इतका मान कुनालाच नाय मिळाला ओ. बाकीच्यांना नुसत्या टाळ्या."

चांगो हवालदारांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मग तिच्याकडे पाहिलं आणि मिटलं.

"ऐकलं गं," ते म्हणाले. "वरून सगलं ऐकलं."