बीयूनच्या टाक्यातला गाळ

चीनमधल्या छिंगमिंगच्या सणाला पितरांची थडगी झाडूनपुसून स्वच्छ करायची असतात. श्वेवांगनं त्या सपाट्यात बेडकांचं टाकंही घासून काढलं, आणि तिथूनच सगळं बिनसलं.

दोघंही विकायला बेडूक पाळायची; हे टाकं त्याच्या बायकोचं, बीयूनचं. थंडीत ती गेली. श्वेवांगची स्वतःची टाकी चकचकीत असायची; तिचं मात्र हिरवट, शेवाळलेलं, तळाशी काळा गाळ. त्यात ती रोज तांदळाचं आंबवलेलं पाणी ओतायची. "तुला काही जमत नाही, मला सगळं जमतं," हे श्वेवांगचं पालुपद. ती गेल्यावर त्यानं आपले बेडूक विकून टाकले. तिचे मात्र त्याला विकवेनात. घरात तिच्या हातचं तेवढंच जिवंत उरलं होतं.

सणाला निदान तिचे बेडूक तरी स्वच्छ राहावेत म्हणून त्यानं टाकं उपसलं, चुन्यानं घासलं, नळाचं पाणी भरलं. थडग्यावर नवी माती चढवायची रीतच असते. तिचा गाळ तिलाच, असं म्हणून त्यानं तो सगळा तिकडे नेऊन थापला.

मेहुणी बीचू बघतच राहिली. "दाजी, जन्मात पहिल्यांदा ताईला काहीतरी नेऊन दिलंत, आणि तेही चिखल?"

आठवडाभरात बेडकांनी खाणं सोडलं. मग त्यांचे पाय लाल झाले. श्वेवांगनं मीठ टाकलं, तसे ते फुगले. घाबरून त्यानं पुन्हा पाणी बदललं, तर एक एक उलटा तरंगू लागला. शेवटी तालुक्याहून बेडकांच्या डॉक्टरीणबाई आल्या, यानबाई.

"काका, बेडूक एकटा जगत नाही," त्या म्हणाल्या. "त्याच्या कातडीवर, पोटात जंतू असतात, तेच त्याचे राखणदार. ते पाण्यातून येतात, गाळातून, खाण्यातून. शेजारशेजारच्या दोन टाक्यांतही ते सारखे नसतात. जसा सांभाळ, तसे जंतू."

"मग या टाक्यातले?"

"काकू इतकी वर्षं जे ओतत होत्या, त्यावर पोसलेले. तुम्ही चुन्यानं सगळे मारलेत."

श्वेवांगनं टाक्यात हात घालून गुळगुळीत तळ चाचपला. बीयून गेली ती गेलीच. मागे ठेवलेलं तेवढं त्यानं स्वतःच्या हातानं घासून काढलं होतं.

"जुना गाळ आहे का कुठं?" यानबाईंनी विचारलं. "थोडा परत घातलात तर उरलेले कदाचित सावरतील."

"आहे की!" बीचू म्हणाली. "ताईच्या अंगावर."

आता थडग्यावरची माती काढायची म्हणजे मेलेल्या माणसाचं छप्पर उचकटणं. विचारल्याशिवाय कसं काढणार? दोघं बादली आणि कौल घेऊन टेकडीवर गेले. कौल म्हणजे चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे. एक उताणा, एक पालथा पडला की होकार.

"बीयून, गाळ नेऊ का?" दोन्ही पालथे. नकार.

"निम्माच नेतो." पुन्हा पालथे.

"अगं, तुझेच बेडूक आहेत ना!" दोन्ही उताणे.

"हसतेय ती," बीचू म्हणाली. "दाजी, हुकूम सोडल्यासारखं काय विचारताय? ताईला ठाऊक नाही होय तुम्ही कसे आहात ते? नीट बोला."

श्वेवांगनं नीट बोलायचा प्रयत्न केला. गाळ हेच बेडकांचं औषध, असं सांगितलं, यानबाईंचं म्हणणं सांगितलं, नळाच्या पाण्याला शिव्या दिल्या. कौल काही बधेना. शेवटी तो दमला, गवतात गुडघ्यांवर बसला.

"बीयून," तो हळूच म्हणाला, "तुझ्यावाचून मला काहीसुद्धा जमत नाही गं."

त्यानं कौल टाकला. एक उताणा, एक पालथा.

"बघा!" बीचू डोळे पुसत हसली. "गाळाचं विचारलं तर ढिम्म. हे ऐकायला मात्र थांबली होती."

श्वेवांगनं गाळ हातानंच बादलीत भरला. फावडं सोबत आणलं होतं, पण ते त्याच्यानं लाववेना. उतरताना बीचूनं बादली धरायला हात पुढे केला.

"राहू दे," तो म्हणाला. "हिला मी नेतो घरी."